माझा अनुभव : ठेक्याचा माग काढत हार्डकोरपर्यंत

हेवी मेटल आणि हार्डकोर पंक हे रॉक संगीताचे जोरकस प्रकार ऐकणाऱ्यासाठी बँडांच्या याद्यांची वानवा नाही, पण देशवार लावलेल्या याद्यांतून माझ्या हाती फारसे काही लागले नाही. वेगवेगळ्या देशांचे बँड ओळीने ऐकले तरी कोणाचे कोणाशी काय नाते आहे हे उमगत नाही, आणि ते उमगल्याखेरीज माझा कान कुठे रमत नाही. म्हणून आवडलेल्या बँडने कोणाची गाणी पुन्हा वाजवली, अल्बमच्या पुस्तिकेत कोणाचे आभार मानले आणि ध्वनिमुद्रण कोठे केले, एवढेच पाहत पुढे जायचे मी ठरवले.

पहिला धागा मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडने दिला. त्यांच्या १९९८च्या ‘गॅराज इंक.’ या इतरांच्या गाण्यांच्या संग्रहात इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या बँडची दोन गाणी आहेत. त्यांवरून मी डिस्चार्जच्या १९८२च्या अल्बमपर्यंत पोहोचलो आणि तिथे बराच काळ अडकलो. गिटार आणि आरडाओरडा बाजूला सारून केवळ ड्रम ऐकले, तेव्हा त्या संगीताची कळ सापडली : स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये पायाने वाजवायच्या बास ड्रमचे जे दोन ठोके येतात, ते मात्रेवर न पडता मात्रांमधल्या फटींत पडतात, त्यामुळे गाणे सतत पुढे ढकलले जात असल्यासारखे वाटते. या ठेक्याला डी-बीट म्हणतात. तो एकदा कानात बसला की कोणत्याही भाषेतल्या गाण्यात ओळखू येतो.

पुढचा प्रवास त्याच खुणेने झाला. स्वीडनच्या अँटी सिमेक्स या बँडने हा ठेका जवळजवळ जसाच्या तसा उचललेला दिसला. फिनलंडच्या बँडांकडे मात्र तो इतका खरखरीत आणि घाईचा होतो, की मला मूळ इंग्लिश बँडांपेक्षाही तेच अधिक भावले. साओ पावलोच्या हातोस जी पोरांव या बँडचा पहिला अल्बम १९८४चा, म्हणजे ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असतानाचा. त्याच्या शीर्षकगीताची नवी आवृत्ती पुढे सेपल्तुरा या मेटल बँडने वाजवली, आणि हार्डकोरच्या वाटेने निघालेला मी अशा रीतीने पुन्हा मेटलमध्ये येऊन पडलो. बेलो होरिझोंतेच्या याच सेपल्तुराने १९९६च्या ‘रूट्स’साठी शावांते या आदिवासी समाजाबरोबर ध्वनिमुद्रण केले, तो अल्बम बहुतेकांना आधी भेटतो, मला तो उशिरा भेटला आणि त्यामुळे अधिक कळला.

गायकांच्या गुरगुरत्या आवाजाची सवय होण्यास वेळ लागला. गाण्याचे शब्द आधी वाचून मग ऐकणे हा उपाय मला लागू पडला. इंग्लंडच्या नेपाम डेथ या बँडच्या १९८७च्या ‘स्कम’ या अल्बमच्या बाबतीत मी तबकडीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिवशी ऐकल्या, कारण ड्रमर मिक हॅरिस वगळता दोन्ही बाजूंवरील वादक वेगळे आहेत आणि तो फरक सलग ऐकताना निसटतो.

ठेक्याइतकाच उपयोग ध्वनिमुद्रण कोठे झाले याचाही झाला. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड या मेटल बँडने १९९०चा पहिला अल्बम केला, तेव्हा गिटारसाठी बॉस कंपनीच्या एचएम-२ या, गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलची सगळी बटणे टोकापर्यंत फिरवलेली होती. करवतीने लाकूड कापावे तसा तो आवाज पुढे दोन दशकांनी अमेरिकेत नेल्स या बँडच्या २०१०च्या अल्बमवर ऐकू आला. त्याचे ध्वनिमुद्रण कॉन्व्हर्ज या बँडचा गिटारवादक कर्ट बल्लू याने केले होते. आता बल्लूच्या स्टुडिओतून बाहेर पडलेले बँड मी एकेक करून ऐकतो आहे. त्यांतले अनेक दोन गाण्यांतच बाद होतात, पण जे टिकतात त्यांची आभारयादी वाचायला मी लगेच घेतो.