सील बदलण्याआधी क्रँककेसचं प्रेशर मोजा

गेल्या वर्षी माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचं मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्ट गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथं तेल अडवणारी रबरी रिंग) दोनदा बदललं, दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवून, आणि दोन्ही वेळा हजारेक किलोमीटरात खाली परत तेलाचे डाग. मेकॅनिक म्हणाला सील डुप्लिकेट असेल, मलाही तेच पटलं. मग एकदा फुल बूस्टवर, म्हणजे टर्बो इंजिनात जास्तीत जास्त हवा दाबत असताना, गाडी ओढून आल्यावर बॉनेट उघडलं तर डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) दोन बोटं वर आलेली! तेव्हा कळलं की सीलचा दोषच नाही, आतून प्रेशर ढकलतंय.

हे प्रेशर ब्लो-बायचं. रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागात, उतरतोच आणि रीमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट वाढवला की तोही वाढतो, पण बाहेर जायची वाट मात्र कंपनीनं स्टॉक पॉवरच्या हिशेबानं ठेवलेली. आयडलला अडचण नसते, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरला हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे क्रँककेसचा गॅस तिकडे सोडणाऱ्या एकमार्गी झडपेतून, गॅस ओढला जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्येच प्रेशर, मग तो व्हॉल्व्ह घट्ट बंद व्हायला हवा (नाही झाला तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये घुसतो) आणि सगळा गॅस टर्बोच्या आधीच्या पाइपात जाणाऱ्या ब्रीदर नळीतूनच निघायला हवा.

आधी मी गवंडी लोकांचा पारदर्शक लेव्हल पाइप घेतला, अर्धा पाण्यानं भरून यू आकारात धरला आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला लावलं. आयडलला पाणी क्रँककेसच्या बाजूला थोडं वर चढलं, म्हणजे हलका व्हॅक्यूम, सगळं छान. उभ्या गाडीत हे एवढंच कळतं, लोडवर काय होतं ते नाही. म्हणून त्याच नळीवर ३ बारचा मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) बसवला आणि गाडी चालवताना आकड्यांची नोंद घेतली. पुण्यात इंजिन बंद असताना तो ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवतो, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत ना. फुल बूस्टला आकडा १०१! सहा किलोपास्कल जास्त, म्हणजे साठ सेंटिमीटर पाण्याचा दाब सतत सीलवर. सील किती टिकणार?

दोष निघाला मीच हौसेनं ब्रीदरच्या वाटेत लावलेल्या कॅच कॅनमध्ये, म्हणजे गॅसमधलं तेल अडवून धरणाऱ्या डब्यात. पाइप बाहेरून १९ मिमी, पण कॅनच्या फिटिंगचं आतलं भोक जेमतेम ९ मिमी, म्हणजे गॅसची वाट फारच अरुंद. वर आत तारेची घासणी कोंबलेली, ती चिकट्यानं गच्च. कॅन घेताना दिसण्याकडे बघू नका, फिटिंगमध्ये बोट घालून बघा आणि आत नीट बॅफल (गॅसला वळवून तेल गाळणारे पडदे) आहेत का ते बघा. कॅन हवाच, कारण तेलाची वाफ इनटेकमध्ये गेली की मिश्रणाचा ऑक्टेन उतरतो आणि बूस्टवर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं. शिवाय क्रँककेसमध्ये प्रेशर असलं की टर्बोचं तेल खाली उतरत नाही, ते फक्त उतारानं येतं, मग टर्बोच्या सीलमधून निळा धूर आणि लोक उगाच टर्बो बदलतात.

क्रँककेसमधला गॅस ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावू का, असं बरेच जण विचारतात. ड्रॅग किंवा ट्रॅकच्या इंजिनात त्याचा खरा फायदा आहे, रिंगा चांगल्या बसतात, कमी ताणाच्या रिंगा वापरता येतात म्हणून घर्षण कमी होतं. पण तेल खालच्या टाकीतच (ऑइल संप) साठणाऱ्या साध्या इंजिनात १० ते १२ इंच पाऱ्याच्या वर मी जाणार नाही. तिथे गजन पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) तेल मिळतं ते उडणाऱ्या शिंतोड्यांतून आणि व्हॅक्यूम जास्त झाला की तेच कमी होतं. शिवाय साध्या क्रँक सीलची रबरी कड आतलं तेल अडवायला बनवलेली असते, जोराच्या व्हॅक्यूमला ती बाहेरची हवा आणि धूळ आत घेते. रोजच्या गाडीत पंप नकोच, तिथे ताजी हवा फिरून पाण्याची आणि पेट्रोलची वाफ बाहेर निघणं जास्त गरजेचं.

मी मोठ्या भोकाचा बॅफलवाला कॅन लावला, पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाकला आणि परत ब्रीदर टर्बोच्या आधीच जोडला, हवेत सोडला नाही, तो वास आणि प्रदूषण दोन्ही नको. आता फुल बूस्टला ९४. तिसरं सील पावसाळाभर कोरडं आहे, कॅनमधून मात्र दर पंधरा दिवसांनी ताकासारखं पांढरट पाणी निघतं.