मूठ आवळताना

मूठ आवळायला कुणाकडून शिकावे लागते, असे चाळिशी उलटेपर्यंत मला कधी वाटले नव्हते. तान्हे मूलसुद्धा मुठी आवळूनच झोपते. म्हणून कराटेच्या पहिल्याच तासाला सरांनी माझी मूठ हातात घेऊन एकेक बोट उलगडले, तेव्हा मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. माझा अंगठा तान्ह्या मुलाप्रमाणेच बोटांच्या आत दडून बसला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण आत अंगठा ठेवून ती कशावर आदळली, तर मोडायची वेळ पहिल्यांदा त्याच्यावर येते. त्याची जागा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवी.

ठोसा लागायला हवा तो याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांनी. कराटेत त्या भागाला 'सेइकेन' म्हणतात. याचे कारण कळले तेव्हा मी बराच वेळ स्वतःचा तळहात उघडत-मिटत बसलो होतो. या दोन बोटांची तळहातातील हाडे मनगटाशी इतकी घट्ट बांधलेली असतात की ती जवळजवळ हलतच नाहीत, तर अनामिका आणि करंगळीची हाडे चांगलीच हलतात, आणि ती हलतात म्हणूनच आपल्याला ओंजळ करता येते. ओंजळीला उपयोगी पडणारी ही लवचीकता ठोशाला मात्र घातक ठरते. करंगळीच्या मुळाचे हाड मोडले की डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात; भिंतीवर राग काढणारे लोक मुष्टियोद्धे नसूनही ते सहज मिळवतात.

माझे हाड वाचले, मनगट मात्र वाचले नाही. बॅगवर जोरात ठोसा मारताना मूठ किंचित खाली झुकली, आणि पुढचे आठ दिवस पाण्याचा पेलाही डाव्या हाताने उचलावा लागला. मनगटात आठ लहान हाडे असतात. हात सरळ रेषेत असेल तर धक्का त्यांच्यातून थेट कोपराकडे जातो, नाही तर तो तिथेच मुरतो. घरी मी हाताच्या पाठीवर फूटपट्टी ठेवून पाहिली, तेव्हा सरळ वाटणाऱ्या मनगटापाशी तिच्याखाली चांगली फट दिसली.

विंग चुन या चिनी पद्धतीत मूठ उभी धरतात आणि खालच्या तीन उंचवट्यांनी मारतात, म्हणजे सेइकेन हा काही एकमेव मार्ग नव्हे. पण कोपर मुठीच्या मागे असले पाहिजे, हे तिथेही सुटत नाही. कोपर बाहेर फाकले की मूठ वळते आणि सगळा भार करंगळीकडे सरकतो.

तास संपल्यावर मी आता हातावरची लाली तपासतो. काल ती पहिल्या दोन उंचवट्यांवर होती, आणि थोडी अनामिकेवरही.