माळावरच्या सापसुरळ्या: पत्रे काढले, फरशा टाकल्या

सापसुरळ्यांच्या नोंदीसाठी माळावर टाकलेले पत्र्याचे आडोसे बाद. सोलापूरच्या उन्हात उघड्या मुरमावरचा पत्रा सकाळीच इतका तापतो की त्याखाली सापसुरळी थांबत नाही. प्लायवूडला वाळवी लागते. वाळवी हे तिचं खाणंच, म्हणून ते चालून गेलं असतं, पण पावसात फळी फुगून जमिनीला चिकटते आणि फट बुजते.

आता शहाबादी फरशीचे बिनपॉलिशचे तुकडे, ४५ × ३० सेंमी, जाडी अडीच सेंमी. वजन साधारण ९ किलो, त्यामुळे शेळ्या-मेंढ्यांच्या पायाने सरकत नाहीत. एका कडेखाली २ सेंमीचा खडा, फट उताराच्या बाजूला. वरच्या अंगाला ठेवली तर पहिल्याच सरीत आत गाळ भरतो. जागा कुसळीच्या ठोंबाला लागून. उघड्यावर टाकलेली फरशी बहुतेक विंचवांच्याच कामी येते.

उचलताना आकडा वापरायचा आणि फरशी आपल्याकडे कलवायची, म्हणजे ती आपल्या आणि खालच्या जीवाच्या मध्ये राहते. इथल्या मुरमाड माळावर फुरसं असतं, हात घालायचा नाही. सापसुरळी गवतात निघून गेल्यावरच फरशी सावकाश खाली. पांढरी अंडी दिसली तर लगेच झाकायचं आणि त्या हंगामात ती फरशी सोडून द्यायची.

तापमानासाठी १२:१ चा इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. ६० सेंमीवरून तो ५ सेंमी व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देतो, म्हणजे सापसुरळीच्या अंगावर धरला तरी आकडा बराचसा जमिनीचाच. त्यामुळे फक्त फरशीची वरची आणि खालची बाजू नोंदवायची.

ओळख फोटोवरूनच, पकडायचं नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठीच्या खवल्यांवरचे कंगोरे मोजता येतात. दुपारच्या फोटोत ते सपाट दिसतात. सापसुरळीच्या दोन जाती: युट्रोपिस कॅरिनाटाच्या खवल्यावर बहुधा तीन ते पाच कंगोरे, युट्रोपिस मॅक्युलॅरियाच्या खवल्यावर पाच ते सात. पाच आले की पंचाईत. मग आकार बघायचा (कॅरिनाटा बरीच मोठी आणि दणकट), शिवाय कॅरिनाटाच्या पाठीच्या कडेने जाणारी फिकट पट्टी. विणीच्या हंगामात मॅक्युलॅरियाच्या नराचा गळा-कुशी नारिंगी-लाल होतात, तेव्हा प्रश्नच नाही.

लांबी नाकापासून गुदद्वारापर्यंतच धरावी. तुटून पुन्हा आलेली शेपटी आखूड असू शकते. तिच्यात मणके नसतात, कूर्चेची काडी असते.

हे सगळं खासगी पडीक रानात, मालकाला विचारून. नान्नज अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय दगडसुद्धा उलटायचा नाही.