तुम्ही विचारलंत म्हणून : कोबीनं लेकर्सना बुडवलं का?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा विषय निघाला आणि मी लेकर्सवाला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या संघाचा चाहता आहे हे समोरच्याला कळलं, की प्रश्न येतोच. ‘तुमच्या लाडक्या स्टारनं, कोबी ब्रायंटनं, शेवटच्या करारात दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख डॉलर घेतले नसते, तर लेकर्सची ती दशा झाली असती का?’ विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो. पाठोपाठ स्पर्सच्या टिम डंकनचं नाव निघतं. त्यानं बघा, संघासाठी पगार निम्म्यावर आणला, आणि सॅन अँटोनिओ स्पर्स २०१४ साली विजेते झाले. त्याच मोसमात लेकर्स ८२ पैकी ५५ सामने हरले.

माझं उत्तर : पैशानं नाही बुडवलं. कोबीच्या पुण्याईची किंमत लेकर्सनी मोजली जरूर, पण ती वेगळ्या खात्यातून.

करार खेळाच्या हिशेबानं चुकीचा होता, यात वाद नको. १२ एप्रिल २०१३ ला गोल्डन स्टेटविरुद्ध खेळताना कोबीच्या टाचेमागचा अकिलीस हा स्नायुबंध तुटला. तशाच पायानं त्यानं दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही बास्केटमध्ये गेले, आणि मग तो स्वतःच्या पायांनी कोर्टबाहेर गेला. वय ३४. नोव्हेंबरात, तो पुन्हा एकही सामना खेळायच्या आधीच, लेकर्सनी नव्या करारावर त्याची सही घेतली. डिसेंबरात तो परतला, सहा सामने खेळला आणि गुडघ्यापाशी हाड मोडून पुन्हा बाहेर बसला. नव्या कराराच्या दोन मोसमांत तो ३५ आणि ६६ सामने खेळला. संघानं जिंकले २१ आणि १७.

आता त्या पैशानं नेमकं काय अडलं ते बघू. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते, सॅलरी कॅप. २०१४-१५ ला ती सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर होती आणि त्यातले २ कोटी ३५ लाख एकट्या कोबीचे. एक तृतीयांशाहून जास्त. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्या उन्हाळ्यात कोबीचा पगार धरूनही लेकर्सकडे आणखी एका बड्या खेळाडूपुरती जागा होती. कार्मेलो अँथनी लॉस एंजेलिसला येऊन बोलून गेला आणि न्यूयॉर्कलाच राहिला. पुढच्या वर्षी लामार्कस ऑल्ड्रिज भेटून गेला आणि डंकनच्या स्पर्समध्ये दाखल झाला. ड्वाइट हॉवर्ड तर कोबीचा करार व्हायच्या आधीच, जुलै २०१३ मध्ये, ह्यूस्टनला निघून गेला होता. पैसे होते, यायला कुणी तयार नव्हतं.

आणि माझा हुकमाचा एक्का म्हणजे २०१६ चा उन्हाळा. कोबी निवृत्त झाला, त्याचे अडीच कोटी मोकळे झाले, वर टीव्हीच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४० लाखांवर गेली. लेकर्सनी काय केलं? तिमोफे मोझगॉव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख आणि लुओल डेंगला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख देऊन टाकले. मोझगॉव्ह त्याआधीच्या अंतिम फेरीत क्लीव्हलंडच्या बाकावरून क्वचितच उठला होता! वर्षभरात ते लोढणं गळ्यातून काढायची वेळ आली, तेव्हा त्याच्यासोबत डीअँजेलो रसेल हा २१ वर्षांचा गुणी पोरगाही ब्रुकलिनला द्यावा लागला. कोबीनं एक कोटी सोडले असते तर ते याच हातांत पडले असते. त्या हातांबद्दल माझ्या मनात फार आदर नाही.

डंकनची गोष्ट खरीच आहे, फक्त अर्धी सांगितली जाते. २०१२ साली त्यानं तीन वर्षांचा साधारण ३ कोटींचा करार केला. त्याआधी तो एका वर्षाचे दोन कोटींवर घेत होता. पण स्पर्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, मनू जिनोबिली ५७ व्या क्रमांकावर उचलला होता आणि टोनी पार्कर २८ व्या. काव्हाय लेनर्ड त्यांनी जॉर्ज हिलच्या बदल्यात मिळवला होता. माणसं पारखणारी नजर शाबूत होती, म्हणून डंकनच्या त्यागाचं चीज झालं. डर्क नोवित्स्कीनंही २०१४ ला डॅलसमध्ये तीन वर्षांसाठी जेमतेम अडीच कोटी घेतले. त्या जागेत डॅलसनी चँडलर पार्सन्सला तीन वर्षांचे ४ कोटी ६० लाख दिले आणि पुढच्याच प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पहिल्या फेरीत घरी गेले. डर्कचं उदाहरण मला कुणी ऐकवत नाही. सोयीचं नाही ना ते.

‘पण घ्यायला नको होते’ हे नैतिक वळण आलं की मी मायकल जॉर्डनकडे वळतो. १९९७-९८ ला जॉर्डनचा पगार होता ३ कोटी ३० लाखांच्या वर, तर सबंध संघाची सॅलरी कॅप २ कोटी ६९ लाख. हे जमलं ते आपलाच खेळाडू राखताना मर्यादा ओलांडू देणाऱ्या सवलतीमुळे, आणि त्या सवलतीला नाव आहे बॉस्टनच्या जुन्या स्टारचं, लॅरी बर्डचं. मालकांनी धसका घेतला, खेळ बंद पाडला, आणि १९९९ च्या तडजोडीत एकेका खेळाडूच्या पगारावरही कमाल मर्यादा आली. तेव्हापासून ऐन भरातल्या सुपरस्टारला त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा कमीच मिळतं; वरचा फायदा संघाचा. कोबीनं पाच विजेतेपदं दिली, आणि २०१२ पासून लेकर्सचा टीव्हीशी २० वर्षांचा करार सुरू झाला होता, ज्यात दाखवायला कुणीतरी लागतं. मालकांना ४ कोटी ८५ लाखांचा हिशेब नीट कळत होता.

मग किंमत कुठं मोजली? माझ्या मते २०१५-१६ च्या मोसमात. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोबीनं निवृत्ती जाहीर केली आणि पुढचे साडेचार महिने प्रत्येक गावात त्याचा निरोपसमारंभ चालला. प्रशिक्षक होता बायरन स्कॉट, ऐंशीच्या दशकातल्या लेकर्सचा खेळाडू आणि कोबीच्या पहिल्या मोसमातला सहकारी. म्हणजे बाकावरसुद्धा भूतकाळच उभा. कोबीचे ३६ टक्केही शॉट पडत नव्हते, तरी तो सामन्यामागे सतराच्या आसपास शॉट घ्यायचा. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रसेल आणि त्याच्याबरोबर ज्युलियस रँडल यांना डिसेंबरात पहिल्या पाचांतून काढून बाकावर बसवलं. ज्यांच्या हातात पुढची दहा वर्षं द्यायची, ती पोरं दुसऱ्याच्या निरोपाला टाळ्या वाजवत होती. उतारवयातले बालगंधर्व स्त्रीवेशात उभे राहायचे, तरी थिएटर भरायचं, कारण लोक नाटक बघायला आलेलेच नसायचे. तसलाच तो मोसम.

मीही त्यातलाच. १४ एप्रिल २०१६, आपल्याकडे आंबेडकर जयंतीची सुट्टी, सकाळी आठला युटाविरुद्धचा त्याचा शेवटचा सामना सुरू झाला. ५० शॉट, ६० गुण, लेकर्स विजयी १०१-९६. संघबांधणीच्या दृष्टीनं निव्वळ वेडेपणा. मी एक सेकंदही चुकवला नाही आणि आजही कुणी त्याची क्लिप पाठवली तर पूर्ण बघतो.

गंमत अशी, की त्या वर्षी हरण्यातच लेकर्सचं भलं होतं, कारण तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. २०१२ साली स्टीव्ह नॅशला आणताना दिलेला एक ड्राफ्ट पिक, म्हणजे निवडीचा हक्क, फिरत फिरत फिलाडेल्फियाकडे गेला होता, आणि पहिल्या तिनांत आला तरच तो लेकर्सकडे राहणार होता. १७ विजयांमुळे तो दुसरा आला आणि ब्रँडन इंग्रम मिळाला. पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा, लाँझो बॉल. २०१९ ला हे दोघे, जॉश हार्ट आणि आणखी काही पिक देऊन अँथनी डेव्हिस आणला. २०२० चं विजेतेपद त्या व्यवहारावर उभं आहे. यात कुणाची दूरदृष्टी शोधू नका, नशिबाचा भाग मोठा आहे.

पण तो व्यवहार केला कुणी, हे बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये लेकर्सच्या मालकीण जीनी बस यांनी आपल्या भावाला, जिमला, आणि जनरल मॅनेजर मिच कपचॅकला घालवलं. वर लेकर्सचा जुना स्टार मॅजिक जॉन्सन आला आणि जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसला रॉब पेलिंका, कोबीचा एजंट. २०१३ चा तो करार कोबीच्या बाजूनं करून घेणारा माणूस आता संघाच्या बाजूला. लेब्रॉन जेम्स २०१८ ला आला तो या दोघांच्या काळात. मॅजिक २०१९ ला सोडून गेला. डेव्हिस आणला पेलिंकानं, आणि २०२५ ला डेव्हिस देऊन लुका डॉनचिच आणला तोही त्यानंच.

हल्ली प्रश्नाला शेपूट असतं : ‘मग आता लेब्रॉनच्या वेळी पुन्हा तेच होणार का?’ २०२५ च्या उन्हाळ्यात लेब्रॉननं आपल्या करारातलं शेवटचं, त्याच्या मर्जीवर असलेलं वर्ष घेतलं, ५ कोटी २६ लाखांचं. त्याच्यापुढे करार वाढवून काही त्याला मिळाला नाही. ऑगस्टमध्ये डॉनचिचनं मात्र आपला करार तीन वर्षांनी, साडेसोळा कोटींना, वाढवून घेतला. पेलिंका टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस आहे. म्हाताऱ्या राजाचा करार कसा होतो ते त्याला आतून ठाऊक होतं, आणि या वेळी त्यानं तो केला नाही.