पट्ट्यांचा खोका

आमच्या रुग्णालयात गेल्या महिन्यात मोठ्या दुर्घटनेची रंगीत तालीम झाली आणि परिचारिका म्हणून दारावर रुग्णांची वर्गवारी करण्याचे काम माझ्याकडे आले. लाल पट्टी तातडीच्या उपचारांसाठी, पिवळी थोडे थांबू शकणाऱ्यांसाठी, हिरवी चालत्याफिरत्यांसाठी आणि काळी मृतांसाठी, हे सर्वांना पाठ होते. पट्ट्यांचा खोका मात्र भांडारात कुलूपबंद होता आणि किल्ली सुटीवर गेलेल्या कर्मचाऱ्याकडे, त्यामुळे पहिली बारा मिनिटे मी रुग्णांच्या मनगटांवर मार्करने ‘ला’, ‘पि’, ‘हि’ अशी अक्षरे लिहीत होते.

मला सारखी ११ जुलै २००६ ची मुंबई आठवत होती. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सुमारे ११ मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांमधील लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना हलवले होते. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट कोणी पाहत बसत नाही. किरकोळ जखमी मिळेल त्या वाहनाने आधी पोहोचतात, जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग त्यांनीच भरून जातो आणि गंभीर रुग्ण अनेकदा मागाहून येतात. म्हणूनच हिरव्या पट्टीच्या लोकांना वेगळ्या दाराने बाह्यरुग्ण विभागाकडे वळवणे, हे माझ्या मते शस्त्रक्रियागृह मोकळे ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अर्थात त्यांना तिथे विसरून चालत नाही, कारण स्फोटाच्या दाबाने फुप्फुसांना झालेली इजा कधीकधी काही तासांनी उघड होते, आणि कानाचे पडदे फाटलेला माणूस हाकेला ओ देत नाही.

आमचा खोका आता दाराजवळच्या कपाटात असतो, कुलपाशिवाय.