डोके हातांत धरून उठलेला पेशंट

मागणीपत्रावर ‘मानदुखी, एमआरआय सर्व्हायकल स्पाइन’ एवढेच लिहिलेले होते. पेशंट बार्शीकडचा टेम्पोचालक, वय ३८. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा उसाच्या ट्रॉलीला रात्री चुकवताना त्याचा टेम्पो कलंडला होता आणि डोक्याची मागची बाजू टपावर आदळली होती. त्या रात्रीच्या सीटीचा अहवाल रेडिओलॉजिस्ट म्हणून मीच दिला होता: अस्थिभंग नाही. पहिल्या मणक्याची, म्हणजे ॲटलासची, पुढची कमान आणि दुसऱ्या मणक्यातून दातासारखा वर आलेला डेन्स यांतले अंतर मी २.५ मिमी मोजले होते. प्रौढांमध्ये ३ मिमीपर्यंत आम्ही ते सामान्य धरतो. माणूस उताणा आणि गळ्यात कॉलर असताना सैल झालेला सांधाही शहाण्यासारखा जागेवर बसतो, हे ठाऊक असूनही मी अहवालात त्याचा उल्लेख केला नव्हता.

मानेच्या एमआरआयमध्ये मान पूर्ण तपासली जाते, असा बहुतेकांचा, आणि खेदाने म्हणावे लागते की काही डॉक्टरांचाही, समज असतो. आडवे छेद सहसा मणक्यांमधल्या चकत्यांमधून घेतले जातात, आणि पहिली चकती दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांच्या मध्ये असते. त्याच्या वर चकतीच नाही, त्यामुळे आडवे छेदही नाहीत. कवटीला मानेशी बांधून ठेवणारे अस्थिबंध मात्र नेमके त्याच वगळलेल्या भागात असतात. दर २० मिनिटांना एक पेशंट बसवणाऱ्या आमच्या व्यवस्थापनाला हे सांगून मी थकलो आहे.

नेहमीची तपासणी संपत आली होती, तेव्हा आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी फोन केला. “सर, मघाशी स्ट्रेचरवरून उठताना पेशंटने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. साध्या मानदुखीत असं कुणी करत नाही. वरचे छेद घेऊ का?” मागणीपत्र लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरांनी पेशंटला उठताना पाहिले असेल असे मला वाटत नाही.

आम्ही २ मिमी जाडीचे छेद घेतले: ॲटलासच्या पातळीवर आडवे आणि डेन्सला समांतर उभे. प्रत्येक सिक्वेन्सला, म्हणजे चित्रांच्या एका फेरीला, सहा-सात मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात पेशंटने दोनदा आवंढा गिळला तरी चित्र पुसट होते, म्हणून तंत्रज्ञ त्याला दर वेळी आधी गिळून घ्यायला सांगत होते. या चित्रांत अस्थिबंध काळा, हाडाचे कवचही काळे. काळ्यातून काळे वेगळे काढायचे आणि ती रेघ कुठे तुटते ते शोधायचे, असे हे काम आहे. ट्रान्सव्हर्स लिगामेंट (लिगामेंट म्हणजेच अस्थिबंध) ॲटलासच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत डेन्सच्या मागून जाते आणि जुवाच्या जोत्याप्रमाणे त्याला पुढच्या कमानीशी धरून ठेवते. उजवीकडून निघालेला तो काळा पट्टा डावीकडे हाडापर्यंत पोहोचतच नव्हता. त्याचे टोक किंचित वळले होते आणि मधल्या फटीत पांढरे पाणी भरले होते. हाडाचा कपचा निघाला असता तर सीटीत दिसला असता, आणि कदाचित हेलोमध्ये, म्हणजे डोके स्थिर धरणाऱ्या बाहेरच्या कड्यात, जुळूनही आला असता. केवळ अस्थिबंध तुटला असेल तर तो बाह्य आधाराने जुळेल यावर भरवसा ठेवता येत नाही.

इथपर्यंत मला शंका नव्हती. शंका आली ती डेन्सपासून कवटीच्या तळाकडे तिरक्या जाणाऱ्या, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या अलार लिगामेंट्सची. डावे काळे होते, उजवे राखाडी. अपघातानंतर दुखत राहणाऱ्या मानेचे खापर एके काळी याच राखाडी रंगावर फोडले जात असे. पुढे कधीच अपघात न झालेल्या माणसांतही तो तसाच आढळला. मी लिहिले, ‘उजव्या बाजूचा बदल अनिश्चित महत्त्वाचा.’

शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांना हे वाक्य आवडले नाही. “अहो, तुटलंय की नाही तेवढं सांगा. मला कवटीपर्यंत प्लेट न्यायची की पहिल्या दोन मणक्यांवर थांबायचं, ते ठरवायचंय.” प्रश्न रास्त होता. नुसते पहिले दोन मणके जोडले तरी मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता जाते; कवटीही जोडली तर मान हलवून होकार देणेही अवघड होते. टेक्टोरियल मेंब्रेन, म्हणजे डेन्सच्या मागून कवटीपर्यंत जाणारा पडदा, अखंड आहे आणि सीटीत कवटी व ॲटलास यांच्या सांध्यातली फट दोन्ही बाजूंना १ मिमीच्या आत आहे, एवढे मी खात्रीने सांगितले. अलारबद्दल ‘सांगता येत नाही’ हेच पुन्हा म्हणालो. ते दोन मणक्यांवर थांबले.

तीन महिन्यांनी स्क्रू तपासण्यासाठी तो पुन्हा सीटीला आला. आता उठताना डोके धरत नव्हता. तंत्रज्ञांनी मागून हाक मारली तेव्हा मात्र तो कमरेतून वळला. टेम्पो पुन्हा चालवता येईल का, असे त्याने मला विचारले, आणि मी त्याला सर्जनांकडे पाठवले. जुनी चित्रे मी त्या संध्याकाळी पुन्हा उघडली. त्या जागेचा एमआरआय आता केला तरी स्क्रूंच्या धातूमुळे तिथे काळा डाग येईल आणि ते उजवे लिगामेंट नीट दिसणार नाही.