संपाच्या वर्षाचं प्रकरण: नववा खर्डा

मागच्या महिन्यात माझ्या आठवणींच्या लिखाणातलं गिरणी संपाचं प्रकरण पूर्ण अडलं होतं. आता ते हललंय. कसं हललं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी बरेच जण सध्या लहानपणावरच लिहीत आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. नेते डॉ. दत्ता सामंत, कामगार अडीच लाखांच्या आसपास. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. आमचे अण्णा, म्हणजे वडील, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

आधीच्या आठही खर्ड्यांत चूल थंड होती, आई पदर डोळ्यांना लावून बसली होती आणि अण्णा खिडकीशी मुके उभे होते. आठव्या वेळी वाचताना लक्षात आलं की आमच्या खोलीला उभं राहण्याजोगी खिडकीच नव्हती, गॅलरीकडे उघडणारी एक झडप होती. आणि अण्णा मुके? साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस. मीठ मागितलं तरी चार खोल्यांपलीकडे ऐकू जायचं.

मग एक काम केलं, ते तुम्हालाही करून बघा असं सांगेन. खर्डा छापून घेतला आणि आमच्या घरात कधीच कुणी तोंडातून काढला नसता असा प्रत्येक शब्द लाल पेनाने खुणावला. होरपळ, विदारक, हतबल, आक्रोश. एकोणीसशे शब्दांत त्रेसष्ट खुणा झाल्या. हे सगळे शब्द संपाच्या वर्षपूर्तीला येणाऱ्या लेखांतून माझ्या हाताला लागलेले. त्या लेखांतलं दुःख खरंच आहे, ज्यांचं आहे त्यांचं आहे. माझ्या वाट्याला आलेलं मात्र ते नव्हतं.

दुसरं काम फोनवर. धाकटी बहीण तेव्हा वर्षाची होती, तिला काहीच आठवत नाही. तिला सांगतोय असं समजून बोलायला लागलो आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. चौथ्या मिनिटाला मीच म्हणतोय, "अगं, ते वर्ष लई मजेत गेलं." तिथेच फोन बंद केला. पंधरा दिवस वहीला हात लावला नाही.

मजेत गेलं, कारण अण्णा घरी होते. एरवी रातपाळी असली की ते दिवसा झोपलेले आणि आम्ही गॅलरीत चवड्यांवर चालायचं. दुसरी पाळी असली की ते मध्यरात्रीनंतर यायचे, तेव्हा आम्ही झोपलेलो. संपाच्या वर्षी ते सकाळी समोर बसलेले असायचे, केसांत कापसाची पिंज नसलेले. त्यांनी मला पावकी आणि निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे शिकवले, जे त्यांना गावच्या शाळेतले अजून पाठ होते. चुकलो की मांडीवर टिचकी. त्या टिचक्या मला हव्याशा वाटायच्या. हे लिहायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली, कारण ज्या वर्षात शेजारच्या काकांची नोकरी आणि खोली दोन्ही गेली, त्या वर्षाला आनंदाचं म्हणताना लाज वाटत होती. ती लाजही आता खर्ड्यात आहे, दोन वाक्यांत. जास्त लिहिली की ती मिरवायला लागते.

याच काळात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली, या वेळी फक्त वाक्यं कशी बांधलीत ते बघायला. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई स्वतःचा राग, हट्ट, भांडण बोलल्यासारखं सांगते आणि वर समर्थन जोडत नाही. मी प्रत्येक कबुलीनंतर "अर्थात मी लहान होतो" असं लिहीत होतो. पाच ठिकाणी होतं. पाचही काढली.

नववा खर्डा सातशे चाळीस शब्दांचा झाला. तो आईला वाचून दाखवला. ती एकोणऐंशीची आहे, पाटणकडची बोली अजून तशीच. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुला मजा वाटत व्हती, ते खरंच हाय. मला ठावं व्हतं. म्हणून तर पाटल्या तू शाळंत गेल्यावर काढल्या."

पाटल्या गेल्या हे मला माहीत होतं. कधी काढल्या, हे कधी विचारलंच नव्हतं.

हे वाक्य खर्ड्यात कुठे बसवायचं यावर तीन आठवडे गेले. शेवटी ठेवलं तर सगळं प्रकरण त्या वाक्याकडे पळत सुटतं आणि माझा आनंद नुसती तयारी ठरतो. सुरुवातीला ठेवलं तर पावकी वाचताना वाचक माझ्यावर रागावतो. सध्या ते मधोमध आहे, पावकी आणि गॅलरीतला कॅरम यांच्यामध्ये, आईच्याच बोलीत, माझ्या एका शब्दाशिवाय. तिची बोली प्रमाण भाषेत आणून बघितली होती. लगेच परत फिरवली, ती तिची राहत नव्हती.

पुढचं प्रकरण १९८३ च्या जूनचं, एसटीने पाटणला गेलो तेव्हाचं. त्याआधी पाटल्यांच्या दिवसाबद्दल आईकडून नीट ऐकून घ्यायचंय, फोन मध्ये ठेवून. तिला विचारलं. ती म्हणाली, दिवाळी होऊ दे.